गोळ्यांची बटई

आमच्या घरात एक वर्ष असं गेलं, की जिलेबी खाल्ली कमी आणि काढली जास्त. काढली म्हणजे कढईतून नव्हे, कागदावर. मधल्या ठिपक्यावर पेन टेकवायचा आणि न उचलता गोल गोल फिरवत बाहेर यायचं. रेघ रेघेला लागू द्यायची नाही. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम अब्बांकडून दर भेटीला ही आकृती काढून घेत आणि तिच्यावरून त्यांच्या हाताचा कंप मोजत. त्यामुळं घरात सगळ्यांनाच तिचा नाद लागला. मी बसच्या तिकिटामागं काढायची, अम्मी चुलीजवळच्या राखेत बोटानं काढायची. सगळ्यांत सुबक अम्मीची यायची. तिनं आयुष्यात पेन फार वेळा धरला नव्हता, पण ईदेला आमच्या गल्लीतल्या सगळ्या हातांवर मेंदी तीच काढायची. सगळ्यांत वाईट अब्बांची. "ये जिलेबी नै जी, शेवया है," असं अम्मी म्हणायची, आणि अब्बा हसत हसत तो कागद चुलीत घालायचे.

माझे अब्बा, याकूब मास्टर, नायगावात टेलर होते. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडं अम्मीची भाकरी थापल्याचा आवाज आणि पलीकडं अब्बांच्या पायमशीनचा, या दोन आवाजांत मी मोठी झाले. पण अब्बांची खरी ओळख मशीनच्या आवाजात नव्हती. ती कैचीच्या आवाजात होती. खडूनं आखलेल्या कापडावर ते मोठी कैची ठेवायचे आणि एकाच लांब कर्रर्र आवाजात बाहीचा सगळा गोल कापून काढायचे. टेबलाचं लाकूडही त्या आवाजात भाग घ्यायचं. मग एका वर्षी तो आवाज तुटायला लागला. कर्र, कर्र, कर्र. मी स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत बसलेली असायची आणि कापड न बघता मला कळायचं, की आज हात जास्त हलतोय.

मांडीवर हात ठेवला की तो गप्प. सुई धरली, कैची धरली, चहाचा कप उचलला की सुरू. काज करायचं काम आधी अम्मीकडं आलं, मग सुईत दोरा ओवायचं माझ्याकडं. चहा अब्बांना अर्धा कपच द्यायचा, हे घरात कुणी न सांगता ठरलं. लग्नाला जायचं त्यांनी सोडून दिलं, कारण तिथं कपाखाली बशी असते आणि ती वाजते. एकदा एका गिऱ्हाइकाचं सफारीचं कापड वाकडं कापलं गेलं. ते अब्बांनी भरून दिलं, पण त्या दिवसापासून ते कापायला घाबरायला लागले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "आज नाही जमणार, लाईट नाही." आमची मशीन पायानं चालायची आणि कैचीला लाईट कधीच लागत नव्हती. हे सगळ्या नायगावाला माहीत होतं, पण कुणी एका शब्दानं बोललं नाही. लोक म्हणायचे, "हाव मास्टर, लाईटीचं काई खरं न्हाई," आणि कापड घेऊन दुसऱ्या टेलरकडं जायचे. आज मला वाटतं, त्या खोट्या कारणाला मान देणं हीसुद्धा एक प्रकारची माणुसकी होती. पण ती अब्बांना फार लागायची.

अब्बांचे दोस्त मारोती पाटील जवळच्याच एका वाडीवरचे. थोडी कोरडवाहू जमीन, देवणी बैलांची एक देखणी जोडी आणि आवाज असा, की बोलले तर आमच्या पडद्याला हेलकावा यायचा. बाजाराच्या दिवशी बैलगाडी झाडाखाली सोडायची आणि दिवसभर आमच्या दुकानात बसायचं, हा त्यांचा नेम. त्यांची प्रत्येक बंडी अब्बांनीच शिवलेली. ते वयोमानानं थकले होते, म्हणून जमीन बटईनं दुसऱ्याला कसायला दिली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: एकाची जमीन, दुसऱ्याचे कष्ट, आणि खळ्यावर धान्याची एक रास झाली की तिचे निम्मे-निम्मे वाटे. आमच्याकडं या वाटणीला कागद लागत नाही. माणसाचं तोंड पुरतं.

मारोतीकाकांचाही हात हलायचा. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण काका आमच्याकडं चहा पीतच नसत. पित्त होतं म्हणायचे. एकदा अम्मीनं आग्रह केला, काकांनी कप उचलला, समोर अब्बांनी उचलला, आणि दोन कप दोन बशांवर असे वाजायला लागले की बाहेरचं पोरगं आत डोकावून गेलं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग काका म्हणाले, "अरे मास्टर, तुमचा बी?" आणि दोघं इतके हसले, की उरलेला चहाही सांडला.

काकांनी स्वतःवर एक औषध शोधलेलं होतं. सीमेकडच्या पाव्हण्यांकडं गेलं की तिथं शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाची ताडी, मिळायची. "एक लोटा मारला की हात असा, बगा, दगडावानी," असं ते सांगायचे. अम्मी पडद्याआडून भांडं जोरात आपटायची. अब्बा म्हणायचे, "पाटील, आमच्या नशिबात तेही नाही."

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते, रोज बसनं येऊन-जाऊन. आमच्या एका सरांच्या ओळखीनं मला कळलं, की मोठ्या दवाखान्यात हाताच्या कंपावर एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू होतोय आणि त्यांना माणसं हवी आहेत. मी दोघांना घेऊन गेले. अम्मीनं तिघांचं बांधून दिलं: ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी, कांदा. बसमध्ये काका सगळ्यांना सांगत होते, "मेंदू तपासायला चाललोय. हाय का न्हाई, ते बगणार हायेत."

डॉक्टर वैशाली मॅडम पुण्याकडच्या, वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठ्या. त्यांनी दोघांना बोट नाकाला लावायला सांगितलं, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं, जिलेबी काढून घेतली. अब्बांना वाटत होतं की हा कंपवात आहे. मॅडम म्हणाल्या, नाही. कंपवाताचा हात बहुतेक स्वस्थ बसलेला असताना हलतो, तुमचा काम करताना हलतो. हालचालीचा तोल सांभाळणारी मेंदूतली जी यंत्रणा आहे, ती एका लयीत अडकते. जिवाला धोका नाही, पण कामाला आहे. शिंदीचं ऐकून त्या हसल्या नाहीत, उलट त्यांनी मान डोलावली. दारूनं थोडा वेळ कंप थांबतो, हे या आजारात दिसतंच म्हणे. "पण ते लक्षण आहे काका, औषध नाही. दुसऱ्या दिवशी हात जास्त हलतो, आणि नंतर सवय लागते." काकांनी हे वाक्य अर्धंच लक्षात ठेवलं. घरी येऊन अम्मीला म्हणाले, "वैनी, डॉक्टरीणबाईनं मान हलवली शिंदीला."

मग मॅडमनी अभ्यास समजावला. काहींना खरी गोळी मिळणार, काहींना तशीच दिसणारी कोरी गोळी, जिच्यात औषध नाही. कुणाला कोणती, हे नशिबावर सोडलेलं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं. बाटलीवर फक्त आकडा. घेणाऱ्याला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

"म्हंजे तुमाला बी न्हाई म्हाईत?" काकांनी विचारलं.

"मलाही नाही."

"मास्टर, ही तर आंधळी कोशिंबीर झाली. अन् राज्य घेणाऱ्याचे बी डोळे बांधलेले, पळणाऱ्याचे बी."

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच आहे, काका. डोळे उघडे ठेवले की माणूस त्याला हवं ते बघतो." मग त्यांनी शेवटची गोष्ट सांगितली, आणि अब्बांचा चेहरा उजळला तो तेव्हा. जे लोक सहा महिने नियमानं पुरे करतील, त्यांना कोणतीही बाटली मिळालेली असो, नंतर वर्षभर खरी गोळी फुकट मिळणार होती. अब्बांच्या दृष्टीनं ती गोळी म्हणजे कैची होती. परतीच्या बसमध्ये ते हळूच मला म्हणाले, "बेटा, सहा महिने क्या चीज है. मी शेरवानी कापीन."

पहिले काही महिने आनंदात गेले. दर महिन्याला नांदेड, दर महिन्याला नवी बाटली, उरलेल्या गोळ्या परत करायच्या. दोघांनाही फरक वाटायला लागला. अब्बांनी एके दिवशी सुईत दोरा स्वतः ओवला आणि तो आम्हाला दाखवायला पडदा सारून आत आले. शुक्रवार होता, अम्मीनं खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला होता. तिनं त्यांना एक वाटी खट्टा जास्त वाढला, एवढाच सत्कार. जिलेबीही शेवयांतून बाहेर येऊन जिलेबीच्या जवळ गेली होती.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी मी चहा घेऊन पडदा सारला आणि दारातच उभी राहिले. कटिंगच्या टेबलावर अम्मीची स्टीलची परात होती. तिच्यात दोन बाटल्या उपड्या केलेल्या. मधोमध पांढऱ्या गोळ्यांची एक छोटी रास. काका त्यांच्या हलत्या बोटांनी एकेक गोळी उचलत होते, एक अब्बांच्या बाटलीत, एक स्वतःच्या, आणि खळ्यावर धान्य मापताना मोजतात तसं मोजत होते. खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

"लाभ... दोन... तीन... धरा की मास्टर बाटली नीट, हालून राहिली."

"बाटली नाही हालत, पाटील, तुमचा हात हालतोय."

"दोन्ही हालतेत. म्हणून तर बसतंय."

एक गोळी निसटली आणि मशीनखाली गेली. अब्बा वाकून ती शोधायला लागले आणि त्यांना माझे पाय दिसले.

"अब्बा, हे काय चाललंय?"

"बटई," काका म्हणाले, जणू मी विचारायचं काही कारणच नव्हतं.

हकीकत अशी होती. अब्बांना फरक पडला, तेव्हा त्यांची खात्री झाली की आपली गोळी खरी आहे. म्हणजे बिचाऱ्या पाटलाची कोरी. काकांना फरक पडला, तेव्हा त्यांची खात्री झाली की खरी त्यांची आहे आणि बिचारा मास्टर, ज्याचं पोट हातावर, तो पीठ खाऊन राहिलाय. दोघं आठ दिवस एकमेकांना तोंड दाखवायला लाजले. मग दोघांनी एकाच दिवशी सांगून टाकलं, आणि प्रत्येकानं आपली बाटली दुसऱ्याला देऊ केली. कुणीच घेईना. तेव्हा काकांनी तोडगा काढला: दोघांच्या बाटल्यांची एक रास करायची आणि निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. नशिबानं काहीही दिलेलं असो, अन्याय कुणावर नाही. हे दोन महिने चाललं होतं. परत करायच्या गोळ्या मोजून बरोबर भरत होत्या, त्यामुळं दवाखान्यात कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

आज लातूरला मी कॉलेजात गणित शिकवते. संभाव्यता शिकवताना मी हेच उदाहरण घेते, नावं बदलून. दोन बाटल्या, प्रत्येक खरी किंवा कोरी. एकूण प्रकार चार. पहिली खरी दुसरी कोरी, पहिली कोरी दुसरी खरी, दोन्ही खऱ्या, दोन्ही कोऱ्या. पहिल्या दोन प्रकारांत बटई केली तर हिशोब बिघडतो. शेवटच्या दोन प्रकारांत काहीच बिघडत नाही. पोरं विचारतात, "मग मॅडम, निम्मी शक्यता तर आहे ना, की काही बिघडलं नाही?" मी म्हणते, आहे. पण कोणत्या निम्म्यात आपण आहोत, ते कळत नाही, तोवर सगळाच हिशोब संशयाचा.

त्या दिवशी मी हे अब्बांना सांगायला गेले ते जमलं नाही. मी भराभर बोलत होते. सरासरी, तुलना, दोन गट, असे शब्द फेकत होते. काका शांतपणे म्हणाले, "माय, गोळ्या तेवढ्याच, पोटं तेवढीच. आमी कुणाचं काय खाल्लं?" मग माझं लक्ष भिंतीवर टांगलेल्या मापाच्या फितीकडं गेलं.

"अब्बा," मी म्हणाले, "एक गिऱ्हाईक उंच, एक बुटकं. तुम्ही दोघांचं माप घेतलं, दोन्ही आकडे एक केले, निम्मे केले आणि दोन शर्ट त्या एकाच मापानं कापले. कापड तेवढंच लागलं. अन्याय कुणावर नाही. शर्ट कुणाला बसेल?"

अब्बांनी फीत काढली, गळ्यात घातली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "कुणालाच नाही."

"मॅडम माप घेत आहेत, अब्बा. तुमच्या दोघांचं नाही, त्या गोळीचं. पुढं ती जितक्या लोकांना द्यायची, त्या सगळ्यांचे शर्ट या मापावर कापणार."

"म्हंजे आता सांगायला पायजे?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "सांगितलं तर गोळी बंद होईल. वर्षाची फुकटची बी जाईल. मास्टर, इचार कर. माझं काय, मला बैलाला हात फिरवायचा, हालला तरी बैलाला बरंच वाटतंय. तुज्या कैचीचं काय?"

एरवी तुमी म्हणणारे काका अब्बांना तू म्हणाले, ते मी तेवढं एकदाच ऐकलं.

अब्बांनी मशीनखालची गोळी उचलली, फुंकर मारून साफ केली आणि परातीत ठेवली. "पाटील," ते म्हणाले, "माप चुकलं तर मी कापड भरून देतो. हे कापड तर माझं नाही. जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं भाकरीबरोबर गुळाचा खडा बांधला, आणि तो मुद्दाम अब्बांच्या हातात दिला, माझ्या नाही. ज्या कामाला भीती वाटते त्याला गोड घेऊन जावं, असं तिचं मत होतं.

दवाखान्यात मॅडमनी पाण्याचे पेले काढले. अब्बा खुर्चीवर बसलेच नाहीत. टोपी नीट करून म्हणाले, "मॅडम, आधी एक सांगायचं आहे. चूक माझी आहे."

"न्हाई, माझी," काका म्हणाले. "कल्पना माझी व्हती."

"परात माझ्या घरची होती."

"परातीनं काय व्हतंय? मोजलं मी."

"कसली परात?" मॅडमनी विचारलं.

"बटई केली, मॅडम," काका म्हणाले आणि हात जोडले.

मॅडमना बटई म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ते मला सांगावं लागलं. मी सांगत गेले तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला दोघांना अभ्यासातून बाहेर काढावं लागेल. मला हे वर कळवावं लागेल. गोळ्या आजपासून बंद."

"बरोबर आहे," अब्बा म्हणाले. त्यांनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. ठेवताना त्या वाजल्या.

"पण का केलं असं?" मॅडमनी विचारलं. राग नव्हता त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माझी गोळी खरी होती," अब्बा म्हणाले. "एकट्यानं खायला बरं वाटेना."

"ह्यांची? अवो, खरी माझी व्हती!" काका म्हणाले.

"कशावरून?"

"फरक पडला ना!" दोघं एकदमच म्हणाले.

मॅडम दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. तोंडावर हात धरला तरी खांदे हलत होते. काका मला हळूच म्हणाले, "आता हिचा बी कंप सुरू झाला." ते त्यांनी आपल्या मते हळूच म्हटलं होतं; बाहेरच्या रांगेतली माणसंही हसली.

हसून झाल्यावर मॅडमनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, "अभ्यासातून बाहेर काढलंय, दवाखान्यातून नाही. ओपीडीत जाऊन बसा. मी येते." तिथं त्यांनी दोघांची नाडी, रक्तदाब बघितला, दमा आहे का म्हणून दोन-दोनदा विचारलं आणि एक जुनी, साधी, स्वस्त गोळी लिहून दिली. ही गोळी कित्येक वर्षं या आजाराला वापरतात. आमच्याकडं कधी कुणी योग्य डॉक्टरपर्यंत गेलंच नव्हतं, एवढंच. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायची होती. हात पूर्ण थांबणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. कापताना कोपर टेबलावर टेकवायचं आणि जड कैची वापरायची, ही युक्तीही त्यांचीच. आणि बाहेर पडताना त्या बोट वर करून म्हणाल्या, "या गोळीची बटई करायची नाही. डोस वेगवेगळे आहेत."

दीड-दोन महिन्यांनी, बाजाराच्याच दिवशी, काकांनी एक पांढरं कापड टेबलावर टाकलं. "बंडी," ते म्हणाले. अब्बांच्या तोंडात सवयीनं आलं, "आज लाईट..." काकांनी वर टांगलेल्या दिव्याकडं बघितलं, मग पायमशीनकडं, मग अब्बांकडं. "मास्टर, कापा. बिघडली तर बैलाची झूल शिवू." अब्बांनी कोपर टेकवलं. मी पडद्याच्या आत होते, अम्मीनं तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली होती. कर्र. थोडं थांबून, कर्र. आणि मग कर्रर्रर्र, पहिल्यासारखा लांब नाही, पण एका दमात गळ्याच्या गोलापर्यंत गेलेला. अम्मीची भाकरी त्या दिवशी करपली. तीच अब्बांनी खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले.

मॅडमनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मी तेव्हा ऐकून सोडून दिली होती: हा आजार बऱ्याच घरांत वारशानं येतो आणि आला तर मुलाच्या वाट्याला निम्मी शक्यता असते. दर वर्षी ईदेच्या आदल्या दिवशी मी एका कोऱ्या कागदावर जिलेबी काढते. यंदा पहिल्यांदाच बाहेरच्या फेऱ्यात रेघ रेघेला लागली. मी कागद नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "वर्गात खडू थोडा जाड घे." मी लातूरच्याच एका डॉक्टरांकडं जाऊन आले. तीच जुनी गोळी. आमचं बरं चाललंय.

नांदेडचा तो अभ्यास संपल्यावर, आकड्यांवरची झाकणं उघडली तेव्हा, मॅडमनी दोघांना निरोप पाठवून बोलावलं. त्यांना काही देणं नव्हतं, फक्त सांगायचं होतं. ज्यांनी खरं सांगितलं त्यांना खरं कळलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. आधी त्यांनी एकूण निकाल सांगितला. नव्या गोळीनं लोकांना बरं वाटलं, पण कोऱ्या गोळीनंही जवळजवळ तेवढंच वाटलं. म्हणून ती गोळी पुढं जाणार नव्हती. त्यांच्या कामाची वर्षं गेली होती, पण त्या खचलेल्या दिसल्या नाहीत. निरुपयोगी गोळी लोकांच्या पोटात जाण्याआधी कळलं, हेही काम आहे, असं म्हणाल्या. मग त्यांनी अब्बांचा आणि काकांचा आकडा काढला.

दोन्ही बाटल्या कोऱ्या होत्या.

चारांतला तो एक प्रकार. म्हणजे बटईनं हिशोबाला धक्काही लागला नव्हता, आणि दोन महिने हे दोघं परातीत मांडून, लाभ म्हणून मोजून, एकमेकांना पीठ वाटत होते. मी अब्बांकडं बघितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते विचारात पडले होते.

बस स्टँडवर भज्यांचा कागद मध्ये ठेवून दोघं बाकावर बसले. काकांनी एक भजं उचललं. ते हलत हलत पण न सांडता तोंडापर्यंत पोचलं. मग अब्बा म्हणाले, "पाटील, एक समजत नाही. कोरी होती तर होती. पण मला फरक तर पडला होता. मी दोरा ओवला होता. अन् बटई केल्यावर तर जास्तच पडला."

"पडंल न्हाई तर काय," काका म्हणाले, दुसरं भजं उचलत. "तवापासून तुमी माझ्या वाट्यातली खात व्हते."